विमानाची शिदोरी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मंडळाने आम्हांस विषयाची मोकळीक दिली, याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानणे आमचे कर्तव्य आहे. अशा प्रसंगी ज्ञातीचा इतिहास, शिक्षणाची आवश्यकता, विवाहातील खर्चास आळा इत्यादी विषय बहुधा निवडले जातात आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र आज थोडा निराळा विषय आपणांपुढे ठेवणार आहोत. लांब पल्ल्याच्या उड्डाणासाठी विमानात इंधन किती घ्यावे हे कसे ठरवितात, हा तो विषय होय.

हा विषय ऐकून काही मंडळींच्या मनात येईल की, याचा आपल्याशी संबंध काय? संबंध फार जवळचा आहे. ज्या घरातील कोणी ना कोणी शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी सातासमुद्रापलीकडे गेलेले नाही, असे घर या सभागृहात क्वचितच सापडेल. निरोप देताना आपण पासपोर्ट घेतला का, औषधे घेतली का, लाडवांचा डबा नीट बांधला का, हे सर्व विचारतो. परंतु ज्या विमानात आपले माणूस बसले त्या विमानाची शिदोरी कोणी बांधली, किती बांधली आणि कोणत्या हिशोबाने बांधली, हा प्रश्न कोणाच्याही ओठावर येत नाही. तीनशे माणसांचे प्राण ज्या हिशोबावर अवलंबून असतात, तो आपणांस ठाऊक असावा असे आम्हांस वाटते. शिवाय या हिशोबात कोणत्याही संसारास आणि कोणत्याही संस्थेस घेण्यासारखे दोनतीन धडे आहेत.

सामान्यतः माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, यात हिशोब तो काय करावयाचा? टाकी तोंडोतोंड भरावी आणि निघावे. मोटारीने पुण्याहून कोल्हापुरास जाताना आपण तेच करतो. विमानास हा न्याय का लागू पडत नाही, हे समजून घेण्यासाठी जुन्या काळातील एक दृष्टांत घेऊ. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोसांची वाटचाल करीत. वाटेत कुरणे असत. बैल चरत, म्हणून पाठीवर केवळ मालच लादला जाई. आता कल्पना करा की, वाट निव्वळ ओसाड माळाची आहे आणि वाटेत गवताची काडीही नाही. मग बैलाच्या पाठीवर मालाबरोबर त्याची स्वतःची वैरणही लादावी लागेल. वैरणीचे ओझे वाढले की बैल अधिक दमेल आणि अधिक खाईल. म्हणजे त्या वाढलेल्या खाण्यासाठी आणखी वैरण, आणि त्या वैरणीच्या ओझ्यासाठी पुन्हा आणखी वैरण! आकाशात कुरण नाही. विमानाची स्थिती नेमकी या दुसऱ्या बैलासारखी असते.

सावकाराच्या चक्रवाढ व्याजाशी ज्यांचा कधी काळी परिचय झाला आहे, त्यांस हे गणित लगेच उमगेल. येथे इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जळते. फ्रान्समधील विमानशास्त्रज्ञ लुई ब्रेगे यांच्या नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे. ते सांगते की, विमान किती दूर जाईल हे चार गोष्टींवर ठरते. पहिली गोष्ट म्हणजे त्याचा वेग. दुसरी, इंजिन किती काटकसरी आहे ती. तिसरी, पंख हवेचा अडथळा किती कमी ठेवून वजन उचलतात ती. आणि चौथी, निघतानाचे वजन पोहोचतानाच्या वजनाच्या किती पट आहे ती. या चौथ्या गोष्टीत चक्रवाढीचा सारा खेळ आहे. पल्ला दुप्पट झाला तर इंधन दुप्पट करून भागत नाही, ते दुपटीहून अधिक लागते.

आता या बाबतीत पूर्वसूरींनी काय केले ते थोडक्यात पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले. त्यांचे ‘पस मॉथ’ जातीचे विमान एका इंजिनाचे आणि लहानसे होते. वाटेत अहमदाबादेस उतरून त्यांनी पेट्रोल घेतले आणि ते डबे तेथे बैलगाडीतून आणले होते. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेही कैरो आणि जिनीव्हा असे मुक्काम घेत गेले. थोडक्यात, त्या काळी वाटेत कुरणे राखून ठेवलेली असत आणि बैल मधूनमधून चरत पुढे जाई.

ज्याला वाटेत उतरावयास जागाच नव्हती, त्याची गोष्ट निराळी. २० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग हा तरुण न्यूयॉर्कहून पॅरिसकडे एकटाच निघाला. पुढे अटलांटिक महासागर होता. त्याने सुमारे ४५० गॅलन पेट्रोल घेतले. उड्डाणाच्या वेळी विमानाच्या एकूण वजनाचा निम्म्याहून अधिक भाग हे पेट्रोलच होते! त्याला जागा व्हावी म्हणून त्याने बिनतारी यंत्र घेतले नाही आणि पॅराशूटही घेतली नाही. साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला, तेव्हा टाक्यांत सुमारे ८५ गॅलन पेट्रोल उरले होते. म्हणजे ताशी सुमारे ११ गॅलन खर्च झाला आणि आणखी सात तासांची शिदोरी हाती राहिली. लोकांनी त्याच्या धाडसाचे पोवाडे गायिले, आणि ते धाडस होतेच. परंतु आमच्या मते त्या ८५ गॅलनांत त्याचे शहाणपण अधिक दिसते. त्याच महिन्याच्या ८ तारखेस पॅरिसहून न्यूयॉर्कला निघालेले नुंगेसेर आणि कोली हे दोन शूर वैमानिक पुन्हा कोणास दिसले नाहीत.

आता आजच्या काळाकडे वळू आणि एक प्रत्यक्ष हिशोब मांडू. मुंबईहून न्यूयॉर्कला जावयाचे आहे. सर्वांत जवळच्या वाटेने हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरते. विमान बोईंग ७७७ जातीचे, मोठ्या आकाराचे घेऊ. पुढील आकडे आम्ही समजण्यास सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांचे प्रमाण वास्तवास धरून आहे. रिकामे विमान, कर्मचारी आणि आतील सामानसुमान मिळून १७० टन. तीनशे प्रवासी, त्यांच्या पेट्या आणि थोडा माल मिळून ३५ टन. म्हणजे इंधनाचा एक थेंबही न धरता वजन झाले २०५ टन.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा हिशोब आरंभापासून शेवटाकडे करीत नाहीत, तो शेवटापासून आरंभाकडे करतात. न्यूयॉर्कला उतरताना विमानाचे वजन किती असावे हे प्रथम ठरवावयाचे, आणि मग एकेक तास मागे येत, त्या त्या तासाला लागलेले इंधन वजनात मिळवीत मुंबईपर्यंत पोहोचावयाचे. कारण विमान ताशी किती इंधन खाते, हे त्या क्षणी ते किती जड आहे यावर ठरते. आरंभी, टाक्या भरलेल्या असताना, असे विमान ताशी नऊ टनांहून अधिक खाते. शेवटी शेवटी तेच साडेसहा टनांवर येते. जसजसे ते हलके होते तसतसे त्यास अधिक उंचावरील विरळ हवेत चढवितात. आरंभी ३१,००० फूट, मग ३५,००० आणि पुढे ३९,००० फूट, अशा पायऱ्यांनी ते वर जाते, कारण उंचावर हवेचा विरोध कमी होतो. सरासरी ताशी ८ टन धरू.

यानंतर प्रश्न येतो वाऱ्याचा, आणि खरे अनिश्चित असे काही असेल तर ते हेच. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर असला, तरी जमिनीवरून पाहता तो तितका असेलच असे नाही. नदीच्या प्रवाहाविरुद्ध नाव वल्हविणाऱ्याची जी गत, तीच समोरच्या वाऱ्यात विमानाची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे प्रचंड ओघ आहेत, त्यांस जेट प्रवाह म्हणतात. म्हणून पश्चिमेकडे जाताना वेळ अधिक लागतो आणि परत येताना कमी. समजा, सबंध वाटेवर सरासरी ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आहे. मग जमिनीवरचा वेग राहिला ८६०, आणि प्रवासास लागले सुमारे साडेचौदा तास. वारा नसता तर चौदा तासांहून थोडे कमीच लागले असते. हा अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ म्हणजे ५ टन इंधन होय. वाऱ्याचे असे अंदाज लंडन आणि वॉशिंग्टन येथील दोन जागतिक केंद्रे तयार करतात, आणि जगभरचे हिशोबनीस ते वापरतात.

वाऱ्याचे महत्त्व किती, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. दिल्ली ते सॅनफ्रॅन्सिस्को हे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिक महासागरावरून जात असे. २०१६ च्या ऑक्टोबरात ते उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा हजाराहून अधिक किलोमीटर लांब होती. तरीही साडेचौदा तासांत विमान पोहोचले आणि वेळ वाचला, कारण वारा पाठीशी होता. लांबची वाट जवळची ठरली!

याच्या उलट प्रसंगही आला. २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांस वळसा पडला आणि व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे उतरून इंधन घ्यावे लागले. आपल्या काही मंडळींच्या आप्तांनाही त्या वेळी अशा खोळंब्याचा अनुभव आला असेल. त्यांच्या मनात येई की, एवढ्या मोठ्या विमानास थोडे अधिक इंधन भरता येत नव्हते का? त्याचे उत्तर वरील बैलाच्या दृष्टांतात आहे.

असो. साडेचौदा तास, ताशी ८ टन, म्हणजे प्रवासाचे इंधन झाले ११६ टन. परंतु एवढ्यावर निघणारा वैमानिक वेडाच म्हणावा लागेल. आपल्या घरी पंगत असली म्हणजे यजमान पाने मोजतो, पण तेवढ्याच पानांचा भात लावीत नाही. अचानक येणारे चार पाहुणे तो धरतो. विमानाच्या हिशोबातही अशी पाने राखून ठेवावी लागतात, आणि ती किती असावीत हे आंतरराष्ट्रीय नियमांनी घालून दिले आहे.

पहिले राखीव इंधन अनपेक्षित अडचणींसाठी असते. वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, हवी ती उंची मिळाली नाही, ढगांच्या गडगडाटास वळसा घालावा लागला, तर त्यासाठी प्रवासाच्या इंधनाचा विसावा भाग, म्हणजे शेकडा ५, धरतात. आपल्या हिशोबात ते ५.८ टन. दुसरे, न्यूयॉर्कला धुके असले किंवा धावपट्टी बंद झाली तर जवळच्या दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरते. बोस्टन धरले तर सुमारे ४.५ टन. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, अंतिम राखीव. त्या दुसऱ्या विमानतळावर पोहोचल्यावरही, त्याच्या वर १,५०० फूट उंचीवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे इंधन टाकीत असलेच पाहिजे. जुन्या दट्ट्याच्या इंजिनांच्या विमानांस ही मुदत ४५ मिनिटांची आहे. आपल्या विमानास यासाठी ३ टन लागतील. शेवटी, मुंबईत इंजिने सुरू करून धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगेत सरकण्यासाठी ०.७ टन. एकूण बेरीज झाली १३० टन. या विमानाच्या टाक्यांत सुमारे १४५ टन मावतात, म्हणजे विमान पूर्ण भरलेले नाही. उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन सुमारे ३३४ टन होईल, आणि त्याची कमाल मर्यादा सुमारे ३५१ टनांची आहे.

आता कोणी चिकित्सक श्रोता विचारील की, मर्यादेत जागा आहे, टाकीतही जागा आहे, मग उरलेले १५ टन भरून का टाकीत नाहीत? मनाला तेवढीच स्वस्थता! प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, आपल्या हिशोबात निघतानाचे वजन पोहोचतानाच्या वजनाच्या दीडपटीहून किंचित अधिक आहे. म्हणजे न्यूयॉर्कला एक टन जास्तीचे न्यावयाचे तर मुंबईस दीड टन भरावे लागते. भरलेल्या १५ टनांपैकी ५ टनांहून अधिक इंधन केवळ स्वतःस वाहून नेण्यात जळेल. एका खेपेचे ५ टन, रोजच्या एका उड्डाणाचे वर्षास अठराशे टन. त्याचा पैसा अखेर प्रवाशाच्या तिकिटातूनच यावयाचा. शिवाय एक किलो इंधन जळले की तीन किलोंहून अधिक कार्बन वायू हवेत जातो, आणि तो पुढील पिढ्यांच्या खाती मांडला जातो. जड विमानास धावपट्टी अधिक लागते, आणि उड्डाणानंतर लगेच काही बिघडले तर ते इतक्या वजनाने उतरविणे हितावह नसते. इंधन हवेत सोडून द्यावे लागते. म्हणून ‘भरपूर’ म्हणजे ‘सुरक्षित’ हे समीकरण येथे खरे नाही. कृपणपणा जसा घातक तशी उधळपट्टीही दोषास्पद. या दोहोंमधील नेमका बिंदू शोधणे यालाच हिशोब म्हणतात. तरीही, सर्व बेरीज झाल्यावर, आजची हवा पाहून दोन टन अधिक घ्यावे असे कप्तानास वाटले, तर तो अधिकार त्याचा असतो. कागद कितीही चोख असो, अखेरची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे त्याच्या अनुभवास स्थान ठेवलेच पाहिजे.

आता ज्या दोन घटना सांगावयाच्या आहेत, त्यांसाठीच खरे म्हणजे आम्ही हा विषय निवडला.

पहिली घटना कॅनडातील. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक नवे बोईंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमानातील इंधनमापक बिघडले होते, म्हणून टाकीखालच्या मोजकाठीने इंधन मोजले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासास हवे होते २२,३०० किलो. मोजकाठी दाखविते लिटर आणि हिशोब हवा किलोत. एक लिटर इंधनाचे वजन किती, हे ठाऊक असल्याखेरीज पुढे जाता येत नाही. आपल्याकडील जुन्या माणसांस हे चांगले माहीत आहे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे यांचे वजन सारखे नसते. माप वेगळे आणि वजन वेगळे. विमानाचे इंधन, जे जातीने आपल्या घरच्या रॉकेलाचे भावंड आहे, ते लिटरास सुमारे ०.८ किलो भरते. परंतु कॅनडात त्या वेळी जुनी मापे जाऊन नवी दशमान मापे येत होती. त्या कंपनीची बाकीची विमाने पौंडांत मोजली जात, आणि हे नवे विमान किलोत. कागदावर गुणक होता १.७७. तो लिटरास पौंड किती याचा होता, किलो किती याचा नव्हता.

७,६८२ ला १.७७ ने गुणले, उत्तर आले सुमारे १३,६००. ते किलो समजले गेले. २२,३०० मधून ते वजा करून, उरलेल्यास पुन्हा १.७७ ने भागून, ४,९१७ लिटर इंधन भरण्यात आले. वास्तविक भरावयास हवे होते सुमारे २०,००० लिटर! गणित चोख होते. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, कोठेही चूक नव्हती. चूक होती ती आकड्यापुढील एका शब्दाची. ओटावास पुन्हा मोजणी झाली, पण गुणक तोच होता, म्हणून चुकीने चुकीस दुजोरा दिला. ४१,००० फूट उंचीवर असताना एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. दैवयोगाने कप्तान बॉब पिअर्सन यांस बिनइंजिनाची विमाने उडविण्याचा सराव होता, आणि त्यांचे सहकारी मॉरिस किंटाल यांस गिमली नावाचा हवाईदलाचा जुना तळ माहीत होता. त्या सोडून दिलेल्या धावपट्टीवर त्यांनी ते विमान घारीसारखे तरंगत आणून उतरविले. एकाही माणसाचा प्राण गेला नाही. ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८ पर्यंत सेवेत राहिले.

आपल्या देशातही १९५७ साली नवे पैसे आले आणि १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो येऊ लागले. त्या वेळी बाजारात झालेले घोटाळे वडीलधाऱ्या मंडळींनी घरी सांगितलेले असतील. बाजारात चुकले तर चार आण्यांचे नुकसान. आकाशात चुकले तर काय, ते वर सांगितलेच. गिमलीच्या प्रकरणात आणखी एक बोधप्रद गोष्ट आहे. जुन्या विमानांत इंधनाचा हिशोब करावयास तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, असे. नव्या विमानात ती जागा रद्द झाली, पण त्याचे हे काम यापुढे कोणाचे, हे स्पष्ट ठरविले गेले नव्हते. जे काम सर्वांचे, ते कोणाचेच नव्हे. ज्या संस्थेत पदे बदलतात पण कामांची वाटणी लिहून ठेवीत नाहीत, त्या प्रत्येक संस्थेने हे वाक्य भिंतीवर लावावे.

दुसरी घटना दुःखद आहे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियातील आव्हियांका कंपनीचे बोईंग ७०७ विमान मेडेयीनहून न्यूयॉर्कला येत होते. हवा खराब, आकाशात विमानांची दाटी. उतरण्याची पाळी येईपर्यंत त्यास तीन ठिकाणी मिळून १ तास १७ मिनिटे घिरट्या घालाव्या लागल्या. पर्यायी विमानतळ बोस्टन होता. पण वाट पाहता पाहता तेथे जाण्यापुरतेही इंधन उरले नाही. वैमानिकांनी नियंत्रकास इंधन कमी होत असल्याचे सांगितले, प्राधान्यही मागितले. परंतु ज्या एका शब्दाने सर्व यंत्रणा हलली असती, तो ‘आणीबाणी’चा शब्द त्यांनी उच्चारला नाही. नियंत्रक बदलत गेले आणि ती गोष्ट हस्तांतरात विरून गेली. पहिला उतरण्याचा प्रयत्न वाऱ्यामुळे फसला. दुसऱ्याची वेळ येण्यापूर्वीच चारही इंजिने थांबली, आणि लाँग आयलंडवरील कोव्ह नेक या गावी ते विमान कोसळले. १५८ पैकी ७३ माणसे मृत्युमुखी पडली. टाक्या कोरड्या असल्याने आगही लागली नाही.

श्रोतेहो, येथे इंधन तर संपलेच, पण त्याआधी स्पष्टपणा संपला होता. भीड असेल, भाषेची अडचण असेल, ‘सांगितले आहे, त्यांनी समजून घेतले असेल’ हा भ्रम असेल. आपल्या समाजात हा भिडस्तपणा सद्गुण मानला जातो. घरातील कर्ता पुरुष कर्जात बुडत असतो आणि ‘थोडी ओढाताण आहे’ एवढेच म्हणतो. मुलगा परदेशी एकटेपणाने खचलेला असतो आणि फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणतो. सून आजार अंगावर काढते. त्यांचे बोलणे ऐकणाऱ्यास सौम्य वाटते, आणि मदत वेळेवर पोहोचत नाही. आता विमानविश्वाने यासाठी शब्द ठरवून टाकले आहेत. अंतिम राखिवास हात लागण्याचा संभव दिसताच वैमानिकाने ‘मिनिमम फ्युएल’ असे कळवावयाचे. हात लागणारच हे निश्चित झाल्यास ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ असे उच्चारावयाचे. त्यात भीड नाही, आडवळण नाही, आणि कमीपणाही नाही. घराघरांतून असा एखादा ठरलेला शब्द असता तर किती अनर्थ टळले असते!

आणखी एक मुद्दा सांगून आम्ही आटोपते घेतो. उड्डाण झाले म्हणजे हिशोब संपत नाही. वाटेवरील प्रत्येक ठरलेल्या टप्प्यावर वैमानिक पाहतो की, कागदावर किती उरावयास हवे होते आणि टाकीत किती आहे. समुद्रावरून जाताना त्यास आणखी एक बिंदू ठाऊक असावा लागतो. ज्या ठिकाणाहून पुढे जाण्यास आणि मागे फिरण्यास सारखाच वेळ लागेल, असा तो बिंदू होय. सॅनफ्रॅन्सिस्को ते होनोलुलू अंतर सुमारे ३,८५० किलोमीटर. जाताना वाऱ्यामुळे वेग ताशी ७००, परत फिरल्यास ९००, असे समजा. मग हा बिंदू मध्यावर, १,९२५ किलोमीटरांवर येत नाही. तो सुमारे २,१६५ किलोमीटरांवर येतो. म्हणजे निम्म्याहून अधिक वाट चालून गेल्यावरही काही काळ मागे फिरणेच लवकरचे असते. वारा समोरून असला म्हणजे परतण्याची संधी अधिक काळ खुली राहते, पण ती कोठे संपते हे निघण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते. संकट आल्यावर ते शोधावयास बसणाऱ्यास वेळ पुरत नाही.

आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलामुलींस या निमित्ताने एक सांगावेसे वाटते. विमान म्हटले की सर्वांस वैमानिकाचा गणवेश दिसतो. परंतु जमिनीवर बसून वारा, वजन, वाट आणि इंधन यांचा हिशोब मांडणारा डिस्पॅचरही तितकाच आवश्यक असतो, आणि त्या कामास हवामानशास्त्र, भूगोल आणि गणित यांचा भक्कम पाया लागतो. शाळेत एककांची रूपांतरे करताना कंटाळा येतो, उत्तरापुढे ‘किलो’ लिहिले नाही म्हणून गुरुजींनी अर्धा गुण कापला की राग येतो. तो अर्धा गुण कशासाठी कापला जातो, हे गिमलीच्या गोष्टीवरून आपणांस कळले असेल.

तात्पर्य एवढेच. वाट किती आहे ते पाहावे. वारा कोणीकडून आहे ते विचारावे. ओझे स्वतःचेही असते हे विसरू नये. अंतिम राखीव हे खर्चासाठी नसते, ते शिल्लक राहण्यासाठीच असते. आकड्याबरोबर त्याचे माप बोलावे, आणि कमी पडू लागले तर वेळीच, स्पष्ट शब्दांत सांगावे. आपल्या घरचे माणूस यापुढे विमानात बसेल, तेव्हा त्याच्यासाठी कोणीतरी हा हिशोब शेवटापासून आरंभापर्यंत मांडला आहे, एवढे ध्यानात ठेवून आपण निश्चिंत मनाने त्यास निरोप द्यावा.